शाळकरी विद्यार्थ्यासाठी संगणक निवडताना

माध्यमिक किंवा उच्च माध्यमिक वर्गातील मुलासाठी संगणक घ्यायचा ठरला, की किमती पाहण्याआधी त्याला सोबत घेऊन बसावे आणि पुढील तीन-चार वर्षांत तो या यंत्रावर काय काय करणार आहे, हे लिहून काढावे. निबंध, प्रकल्पांचे अहवाल, सादरीकरणे आणि ऑनलाइन तासिका एवढ्यासाठी साधे यंत्र पुरते; प्रोग्रामिंग, चित्रफितींचे संपादन किंवा त्रिमितीय आरेखन यांची आवड असेल, तर गरज बरीच वाढते. शाळा एखादे ठरावीक सॉफ्टवेअर वापरत असेल, तर ते कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर (उदा. विंडोज) चालते, हे शाळेकडून आधीच विचारून घ्यावे.

टॅब्लेट वाचनाला, हाताने टिपणे काढायला आणि आकृत्यांना उत्तम असतो, पण दहा पानांचा अहवाल त्यावर लिहिणे जिकिरीचे होते. क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप, स्वस्त आणि सुटसुटीत असते. मात्र विंडोजवरची नेहमीची सॉफ्टवेअर त्यावर थेट चालत नाहीत. यंत्र घराबाहेर न्यायचेच नसेल, तर डेस्कटॉपचा विचार अवश्य करावा, कारण तेवढ्याच पैशांत अधिक क्षमता मिळते, मोठ्या स्क्रीनसमोर ताठ बसून काम करता येते आणि बिघडलेला भाग बहुधा सुटा बदलता येतो. बाकी बहुतेकांसाठी लॅपटॉप हाच सोयीचा पर्याय ठरतो, म्हणून पुढचे विवेचन मुख्यतः त्याविषयी आहे.

लॅपटॉप घेताना, जे नंतर बदलता येणार नाही त्यावर आधी पैसा खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे. आजच्या अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) मदरबोर्डलाच, म्हणजे मुख्य सर्किटच्या पट्टीला, डाख देऊन कायमची जोडलेली असते आणि ती पुढे वाढवता येत नाही. रॅम भरली, की संगणक तिच्यातला मजकूर साठवणुकीच्या डिस्कवर हलवू लागतो आणि ब्राउझरचे दहा-बारा टॅब उघडताच सारे काम रेंगाळते. विंडोजच्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी ही खालची मर्यादा समजावी आणि परवडत असेल तर १६ जीबी घ्यावी. साठवणुकीसाठी एसएसडीच (फिरत्या भागांविना चालणारी वेगवान डिस्क) हवी. अगदी स्वस्त यंत्रांत ईएमएमसी प्रकारची, म्हणजे मदरबोर्डवरच बसवलेल्या साध्या चिपची, साठवण असते. ती सहसा संथ असते, तिची जागा लवकर भरते आणि मग अपडेटही अडतात. प्रोसेसरच्या एका वरच्या श्रेणीसाठी पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे रॅमवर घालणे विद्यार्थ्याच्या जास्त उपयोगी पडते.

कीबोर्ड आणि स्क्रीन यांची पारख तपशिलांच्या तक्त्यावरून होत नाही. शक्य असेल तेथे यंत्र प्रत्यक्ष हाताळावे आणि ज्याला ते वापरायचे आहे त्यानेच त्यावर एक परिच्छेद टाइप करून पाहावा: कळा दाबताना मधला भाग खाली दबतो का, मनगटे कडेवर टोचतात का, हे तेवढ्यात समजते. मग झाकण थोडे मागे-पुढे करून पांढऱ्या पानावरचा काळा मजकूर बघावा. कोन बदलताच रंग फिके पडले किंवा उलटे दिसू लागले, तर तो पडदा तासन्‌तास वाचण्याच्या लायकीचा नाही. १९२० गुणिले १०८० पिक्सेलपेक्षा कमी स्पष्टतेचा पडदा घेऊ नये. रोज दप्तरातून न्यायचा असेल, तर वजन दीड किलोच्या आसपास असावे आणि चार्जिंग यूएसबी-सीने होणारे असावे, म्हणजे चार्जर हरवला तरी दुसरा सहज मिळतो.

यंत्राचे आयुष्य सॉफ्टवेअरवरही अवलंबून असते. विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षेची मोफत अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे वापरलेला लॅपटॉप घेताना तो विंडोज ११ च्या अटींत बसतो का, हे आधी तपासावे. क्रोमबुकच्या अपडेटची मुदत खरेदीच्या दिवसापासून मोजली जात नाही, ती त्या मॉडेलच्या मूळ रचनेनुसार ठरलेली असते. म्हणून जुना साठा सवलतीत मिळत असला तरी शेवटची तारीख पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. वापरलेल्या विंडोज लॅपटॉपचा बॅटरी-अहवाल विक्रेत्याकडून मागून घ्यावा. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता असे दोन आकडे असतात. ५० वॉट-अवरची (बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे माप) बॅटरी ३० वर आली असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरावा.

खेळांसाठीच्या लॅपटॉपचा मुलांकडून आग्रह होतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड त्रिमितीय कामाला खरोखर लागते, पण त्याने वजन आणि उष्णता वाढते व बॅटरी लवकर उतरते, हे मुलाला समजावून सांगून मग एकत्र निर्णय घ्यावा.

थोडी रक्कम मजबूत पिशवी, बाह्य डिस्क आणि शक्य असल्यास अपघाती नुकसानीची हमी यांसाठी राखून ठेवावी. विंडोज ११ च्या पुष्कळ यंत्रांवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच डिस्क आपोआप कूटबद्ध होते (तिच्यावरची माहिती सांकेतिक कुलपात जाते) आणि ते कुलूप उघडणारा लांब क्रमांक, म्हणजे रिकव्हरी की, त्या खात्यात जाते. घाईत उघडलेल्या खात्याचा पासवर्ड विसरला, तर पुढे दुरुस्तीच्या वेळी सारा अभ्यास हातचा जाऊ शकतो. तेव्हा पहिल्याच दिवशी ती की कागदावर उतरवून पालकांनी आपल्याजवळ ठेवावी.