भीमथडी घोड्यांचं शिबिर: बिऱ्हाडं निघण्याआधीची तयारी

भीमथडी घोड्याची राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. मारवाडी, काठियावाडी, स्पिती, झंस्कारी, भुतिया, मणिपुरी आणि कच्छी-सिंधी यांच्यानंतरची ही आठवी भारतीय जात. मराठ्यांच्या फौजा ज्या काटक तट्टांवर दूरदूर गेल्या, त्यांचा वंश आज पागेत सापडत नाही. तो सापडतो फलटण, माण, खटाव, बारामती, पुरंदर या पट्ट्यातल्या मेंढपाळ धनगरांच्या बिऱ्हाडांत, पाठीवर भांडीकुंडी, कोकरं, कोंबड्या आणि कधी एखादं लहान मूल घेऊन चालताना. ज्या मंडळाला, ग्रामपंचायतीला किंवा महाविद्यालयाला या घोड्यासाठी काही करायचं असेल, त्यांच्यासाठी लसीकरण, तपासणी आणि नोंदीच्या शिबिराची ही तयारी लिहितो आहे. घोडा टिकवायचा तर आधी त्याला सांभाळणारं घर टिकलं पाहिजे, एवढं मनाशी पक्कं करूनच कामाला लागा.

सुरुवात तारखेपासून करा. पाहुण्यांच्या सोयीने, हॉलच्या सोयीने किंवा आर्थिक वर्षाच्या हिशेबाने तारीख धरलीत तर समोर रिकाम्या खुर्च्या असतील. बहुतेक बिऱ्हाडं पावसाळ्यात गावाकडे असतात आणि दिवाळीच्या सुमारास घाट उतरून कोकणाच्या वाटेला लागतात. म्हणून शिबिर दोनदा भरवा: पहिलं गणपतीच्या दिवसांत, दुसरं दसऱ्याच्या आसपास. मधलं अंतर पाचेक आठवड्यांचं पडतं आणि तेच आपल्याला हवं आहे. घोड्याला धनुर्वाताची लस पहिल्यांदा देताना दोन डोस लागतात, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. एकाच दिवसाचं शिबिर घेऊन, फोटो काढून मोकळं झालात, तर त्या लसीचा अर्धाच उपयोग होतो.

निमंत्रण कुणाला द्यायचं, हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आपली सवय कर्त्या पुरुषाच्या नावे निरोप धाडायची. पण पुरुष मेंढरं घेऊन रानात असतात. तळ मोडणं, सामान बांधणं, घोडीवर लादणं आणि तिला पुढच्या तळापर्यंत नेणं हे काम बायकांचं. कोणत्या घोडीची पाठ कुठे सोलते, कोणती पाण्याला बुजते, कोणतं शिंगरू लंगडतं, हे त्यांनाच माहीत. त्यामुळे निरोप घेऊन गावातली एखादी आशाताई किंवा बचत गटाची अध्यक्षा वाड्यावर, म्हणजे काही बिऱ्हाडं मिळून राहतात तिथे, जाऊ द्या आणि शिबिराची वेळही बायकांनाच विचारून ठरवा. सकाळी दहाची वेळ कार्यालयाला बरी वाटते, वाड्याला नाही. शिबिरात बोलायला उभं करायचं तर तिथल्याच एखाद्या जाणत्या मावशीला करा. चाळीस वर्षं घोड्या लादलेल्या बाईचं ऐकताना पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही वही काढावी लागेल.

डॉक्टरांची जमवाजमव महिनाभर आधी सुरू करा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लेखी पत्र द्या, जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांना प्रत द्या. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विद्यार्थ्यांच्या पथकासाठी विचारा. गायी-म्हशींत मुरलेल्या डॉक्टरांना घोड्याचा सराव कमी असू शकतो. हे मोकळेपणाने विचारून घ्या, त्यात त्यांचा अपमान नाही. जागा मैदानाची नको, झाडाच्या सावलीची हवी. पाण्याचा टँकर, बिऱ्हाडागणिक एक टोप आणि दावणीत अंतर ठेवून मारलेले खुंटे लागतील. एकाच टोपात सगळ्या घोड्यांना पाणी पाजू नका, प्रत्येक बिऱ्हाडाचं टोप वेगळं ठेवा.

असं का, ते पुढच्या मुद्द्यात येतं आणि त्याची तयारी सगळ्यात जपून करावी लागते. ग्लँडर्स हा घोड्या-गाढवांचा जिवाणूजन्य रोग आहे. नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी आणि त्या फुटून जखमा अशी त्याची लक्षणं. तो एकत्र पाणी पाजल्यानेही पसरतो आणि माणसालाही होतो. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्यानुसार तो कळवणं बंधनकारक आहे. अडचण अशी की चाचणीत रोग पक्का झाला तर जनावराला मारावं लागतं. सरकारी भरपाईची तरतूद आहे, पण घोडी गेली म्हणजे त्या बिऱ्हाडाचं अर्धं घर चालायचं थांबतं. म्हणून रक्त काढण्याआधी हे सगळं वाड्यावर जाऊन, बसून, नीट सांगा. न सांगता 'जरा तपासणी करतो' म्हणून सुई टोचणाऱ्यांना पुढच्या वर्षी वाड्यावर कुणी उभं करणार नाही, आणि ते बरोबरच आहे. नमुने पहिल्या शिबिरात घ्या. ते तपासणीसाठी हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जातात, तेव्हा दुसऱ्या शिबिरापर्यंतचा वेळ हाताशी असलेला बरा. पुढे सारंगखेडा किंवा अकलूजच्या बाजारात घोडा न्यायचा असेल तर हाच अहवाल कामाला येतो. त्याच वेळी सर्राचीही तपासणी मागा. चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा हा रोग पावसाळ्यानंतर डोकं वर काढतो. ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज चढते, घोडी खात असूनही वाळत जाते.

आता पाठ. भीमथडी घोडीच्या पाठीवर हात फिरवा, तिची सगळी हकीकत तिथे कळते. ओझं मणक्यावर टेकलं की जखम झालीच म्हणून समजा. मणक्याच्या दोन्ही बाजूंना जाड गाद्या आणि मधून हवा खेळेल अशी पन्हळ, अशी बांधणी हवी. सामान उतरवल्यावर घामाचे डाग पाहायला शिकवा: सगळीकडे ओलं आणि मध्येच एखादा कोरडा ठिपका असेल तर तिथेच दाब पडतो आहे, उद्या तिथे फोड येणार. देणगीचे पैसे हाती आले तर पहिला खर्च इथे करा. प्लास्टिकच्या गोण्यांऐवजी लोकरीचं जेन, म्हणजे जाड अंथरूण, पाठीवर ओझ्याखाली असावं. दख्खनी मेंढीच्या लोकरीला आज भाव नाही, कातरणीची मजुरीही सुटत नाही. त्याच लोकरीचं जेन आपल्याच भागातल्या कारागिराकडून करून घेतलं तर घोडीची पाठ वाचते आणि लोकरीलाही थोडं मोल येतं. टोप्या-टीशर्ट छापण्यापेक्षा हा खर्च मला शतपटीने योग्य वाटतो.

ओझ्याचा हिशेब शिकवायला एक शिवणकामाची टेप पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घोडीचं वजन साधारण किलोत मिळतं. घेर १४० आणि लांबी १२५ असेल तर वजन येतं २०६ किलोच्या आसपास. वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकं ओझं सोसतं असं धरलं, तर ही घोडी ४० किलोच्या वर लादू नये. ओझ्याच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांत तट्टाला ७० किलोची मर्यादा आहे, पण लहान चणीच्या घोडीला तीही जास्त होते. त्याच नियमांत दिवसाला नऊ तासांहून अधिक आणि सलग पाच तासांहून अधिक काम नको, पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी १२ ते ३ काम नको, असंही सांगितलं आहे. वाड्यावर नियम वाचून दाखवू नका. टेप हातात द्या, त्यांच्याच घोडीचं माप त्यांनाच घेऊ द्या.

खुरांसाठी नालबंद बोलवा आणि त्याची मजुरी ठरवूनच बोलवा. खुरं सहा ते आठ आठवड्यांनी छाटावी लागतात, त्यामुळे वाटेवर कुणाला तरी ते जमलं पाहिजे. प्रत्येक वाड्यातून एकेक तरुण मुलगा-मुलगी त्याच्याजवळ दिवसभर बसवा. चाऱ्याबद्दल एकच इशारा, तो मात्र ठळक द्या: कोंबड्यांचं उरलेलं खाद्य घोडीला घालू नका. त्यात मोनेन्सिनसारखं औषध असू शकतं आणि ते घोड्याच्या जिवावर बेततं.

नोंदीसाठी वेगळं टेबल लावा. प्रत्येक घोडीचे दोन्ही बाजूंनी, समोरून आणि मागून फोटो, रंग, पांढरे डाग, वय, आईची माहिती आणि अंगावरचे केसांचे भोवरे लिहून घ्या. भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ ठरवून चांगली घोडी मातीमोल भावाने विकली जाते, हे थांबायला हवं. भोवरा ही ओळख आहे, जगभर घोड्याच्या ओळखपत्रात तो तसाच नोंदतात. शिंगरं कोणत्या घोड्याची, हेही विचारा. दिखाऊ उंचीसाठी मारवाडी-काठियावाडीशी संकर सुरू झाला, तर नोंद झालेली जात कागदावरच राहील.

अनुदानाबद्दल खरं ते सांगा. राष्ट्रीय पशुधन अभियानात फेब्रुवारी २०२४ पासून घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांचा समावेश झाला. व्यवसाय उभारणीसाठी ५० टक्के भांडवली अनुदान, कमाल ५० लाख रुपये, असं त्याचं स्वरूप आहे. व्यक्ती, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी अशांना अर्ज करता येतो. पण उरलेली रक्कम बँकेकडून किंवा स्वतःच्या खिशातून उभी करायची, प्रकल्प अहवाल द्यायचा, जागेची कागदपत्रं जोडायची. वर्षातले सात-आठ महिने वाटेवर असणाऱ्या, तीन-चार घोड्यांच्या घराला हे एकट्याने झेपणारं नाही. त्यांना ५० लाखांचं स्वप्न दाखवू नका. चार-पाच वाड्यांचा मिळून गट नोंदवता येतो का, ते पाहा. त्याआधी विमा काढा. त्याच वर्षीच्या बदलात विम्याच्या हप्त्यातला पशुपालकाचा वाटा १५ टक्क्यांवर आणला आहे, उरलेला केंद्र आणि राज्य भरतं. विम्याला ओळखचिन्ह, आरोग्य दाखला आणि किंमत ठरवलेला कागद लागतो, हे तिन्ही शिबिरातच करून घ्या. एक गोष्ट आवर्जून सांगा: घोडी कोकणात दगावली तर पुरण्याआधी विमा कंपनीला कळवायचं आणि तिथल्याच पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्यायचं. हे न कळल्यामुळे दावा हातचा जातो.

कागदपत्रांसाठी सेतू केंद्राचा माणूस लॅपटॉप घेऊन बसवा. आधार, बँक पासबुक, रहिवासी दाखला, भटक्या जमाती 'क'चा दाखला हे एकदा पुरं झालं की पुढचे अर्ज सोपे जातात. मेंढी-शेळी विकास महामंडळाच्या योजनांची माहितीही तिथेच द्या. मुलांचं मात्र वेगळं बघा. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते दाखवून वाटेवरच्या शाळेत बसता येतं. मुख्याध्यापकांनी ही कार्डं दुसऱ्या शिबिरातच हातात द्यावीत. आजीआजोबांजवळ राहून शिकणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाची मागणीही याच वेळी करायची असते, दिवाळीनंतर नाही.

उरल्या वाटा. मोठा कागद पसरा आणि बायकांना आपली वाट काढायला सांगा: कुठे तळ पडतो, पाणी कुठे, कोणत्या शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवतात, कुठे हाकलून लावतात, कुठे कुंपण पडलं, कुठे रस्ता चौपदरी झाला. वरंध घाट, ताम्हिणी घाट, खंबाटकी ही नावं नकाशावर असतातच, पण दोन तळांमधला ओढा कधी आटतो ते कुठल्याच नकाशात नसतं. उन्हात चालणाऱ्या लहान घोडीलाही दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणून वाटेवरच्या ग्रामपंचायतींना आधीच पत्रं पाठवा आणि गुरांच्या हौदात या घोड्यांनाही पाणी पिऊ द्यावं, अशी विनंती करा. घाटातल्या पोलीस चौक्यांना बिऱ्हाडं कधी जाणार ते कळवा. आणि प्रत्येक घोडीच्या सामानाला मागे-पुढे चमकणाऱ्या पट्ट्या शिवून द्या. पहाटेच्या अंधारात भरधाव ट्रकसमोर या पट्ट्याच घोडीला आणि कासरा धरलेल्या बाईला वाचवतात. एवढ्या स्वस्तात एवढं मोठं काम दुसरं नाही.

पर्यटकांसाठी घोडेस्वारीची वाट काढायचा विचार असेल तर वजनाचा वरचा हिशेब पुन्हा करा. ४० किलो म्हणजे शाळकरी पोर. मोठ्या माणसांना घोडीच्या बरोबरीने पायी चालवा, सामान तिच्यावर द्या, आणि ठरलेली रक्कम थेट त्या घराच्या खात्यात जाऊ द्या.

निघताना प्रत्येक बिऱ्हाडाला एक पत्र्याची डबी द्या. तीत जखम धुवायचं औषध, स्वच्छ कापड, खुरातली माती काढायची आकडी, लसीची नोंद असलेलं कार्ड आणि १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद असावा. कार्डाची मागची बाजू कोरी ठेवा. कुठल्या तळावर घोडी लंगडली, कुठे पाणी नव्हतं, कुठे शिंगरू झालं, हे तिथे लिहायचं. लिहिता येत नसेल तर पोरांकडून लिहून घ्यायचं. पावसाच्या तोंडावर बिऱ्हाडं गावाकडे वळली की ही कार्डं परत गोळा करा आणि पुढच्या गणपतीच्या शिबिराची आखणी त्यावरूनच करा.