जॉर्ज वेआ यांचे चरित्र व्याख्यानातून कसे मांडावे

मराठवाड्यातील वाचनालयांत चरित्रपर व्याख्यान म्हटले की वक्ता जन्मापासून सुरुवात करतो आणि तासाभराने गौरवापाशी येऊन थांबतो. लायबेरियाचे फुटबॉलपटू आणि माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वेआ यांच्या बाबतीत ही वाट सोडावी आणि निम्मा वेळ २००५ ते २०१७ या बारा वर्षांसाठी राखून ठेवावा, कारण खेळाडूचा पुढारी कसा झाला हे त्याच काळात कळते.

प्रथम नकाशा दाखवावा. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा हा देश क्षेत्रफळाने मराठवाड्याच्या पावणेदोन पट भरतो. मात्र त्याची लोकसंख्या ५० लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या आठ जिल्ह्यांच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. एवढे सांगितले की पुढचे मतांचे आकडे श्रोत्यांना लहान वाटत नाहीत.

खेळाचा भाग दहा मिनिटांत आटपावा. वेआ यांचा जन्म १९६६ चा. राजधानी मोनरोव्हियातील क्लारा टाउन या झोपडपट्टीत आजीने त्यांना वाढवले आणि काही काळ त्यांनी टेलिफोन खात्यात तंत्रज्ञाची नोकरी केली. १९८८ मध्ये प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी त्यांना मोनाको संघात आणले; पुढे पॅरिस आणि मिलान. १९९५ मध्ये युरोपबाहेरच्या खेळाडूंना वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा ‘बॅलन डी’ऑर’ पुरस्कार प्रथमच खुला झाला आणि त्याच वर्षी तो वेआ यांना मिळाला. आजवर हा मान मिळवणारे ते एकमेव आफ्रिकी खेळाडू आहेत. १९९६ मध्ये व्हेरोना संघाविरुद्ध आपल्याच गोलपाशी मिळालेला चेंडू एकट्याने थेट दुसऱ्या टोकाला नेऊन त्यांनी केलेला गोल प्रोजेक्टर असल्यास दाखवावा. नसल्यास एवढेच सांगावे की फुटबॉलचे मैदान सुमारे १०५ मीटर लांब असते, म्हणजे आपली कबड्डीची आठ मैदाने एकापुढे एक मांडल्यासारखे.

त्यानंतर यादवी युद्धांकडे वळावे. १९८९ ते १९९७ आणि १९९९ ते २००३ अशा दोन युद्धांत देश उद्ध्वस्त होत असताना राष्ट्रीय संघाच्या प्रवासाचा आणि साहित्याचा खर्च वेआ स्वतःच्या कमाईतून उचलत होते. रझाकारांच्या काळात घरदार सोडून रानात राहिल्याच्या गोष्टी आपल्याकडे अनेक घरांत आजही सांगितल्या जातात. त्यांची आठवण करून द्यायला हरकत नाही, पण दोन्ही घटना एकाच मापाने मोजू नयेत. लोकांच्या मनातील वेआ यांची जागा गोलांइतकीच या खर्चामुळे पक्की झाली, हा दुवा मात्र निसटू देऊ नये.

आता २००५ ची निवडणूक. पहिल्या फेरीत वेआ सुमारे २८ टक्के मते घेऊन पहिले आले आणि दुसऱ्या फेरीत एलन जॉन्सन सरलीफ यांच्याकडून साधारण ६० विरुद्ध ४० टक्क्यांनी पडले. ‘पहिला आलेला माणूस पडला कसा?’ हा प्रश्न सभागृहातून येणारच, म्हणून येथे थांबून फोड करावी. आपल्याकडे सर्वांत जास्त मते घेणारा निवडून येतो, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. लायबेरियात निम्म्याहून अधिक मते लागतात आणि ती कोणालाच न मिळाल्यास पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होते. त्या दुसऱ्या फेरीत हार्वर्डमध्ये शिकलेल्या, कारभाराचा अनुभव असलेल्या सरलीफ यांच्यासमोर वेआ यांचे अपुरे शिक्षण हाच प्रचाराचा मुद्दा झाला.

हा टोमणा त्यांनी मनावर घेतला असावा, असे मला वाटते. त्यांनी अमेरिकेत जाऊन व्यवस्थापनाची पदवी घेतली, २०११ मध्ये उपाध्यक्षपदासाठी उभे राहून पुन्हा पराभव पाहिला आणि २०१४ मध्ये राजधानीचा समावेश असलेल्या माँटसेराडो परगण्यातून, खुद्द राष्ट्राध्यक्ष सरलीफ यांच्या मुलाला हरवून ते सिनेटवर गेले. २०१७ च्या दुसऱ्या फेरीत तेव्हाचे उपाध्यक्ष जोसेफ बोआकाई यांच्याविरुद्ध त्यांना ६१ टक्क्यांहून अधिक मते मिळाली आणि २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी शपथ घेतली.

कारकिर्दीबद्दल बोलताना भक्तिभाव बाजूला ठेवावा. आल्याबरोबर त्यांनी स्वतःच्या पगारात २५ टक्के कपात जाहीर केली. पण महागाई लोकांना जाचत राहिली आणि २०२२ मध्ये अमेरिकेने त्यांच्या सरकारातील तीन अधिकाऱ्यांवर भ्रष्टाचाराच्या आरोपावरून निर्बंध लादले. २०२३ मध्ये त्याच बोआकाई यांच्याकडून ते जेमतेम २० हजार मतांनी हरले. अधिकृत निकाल जाहीर होण्याआधीच त्यांनी प्रतिस्पर्ध्याला फोन करून पराभव मान्य केला. युद्धातून उठलेल्या देशात या फोनचे वजन काय, हे सांगताना घाई करू नये.

शेवटची दहा मिनिटे प्रश्नांसाठी ठेवावीत. ‘आपल्या देशात असे कोणी आहे का?’ असे कोणीतरी विचारेल, तेव्हा दोन फुटबॉलपटूंची नावे तयार असावीत: २०१३ च्या पोटनिवडणुकीत हावडा येथून लोकसभेवर निवडून गेलेले प्रसून बॅनर्जी आणि २०१४ मध्ये दार्जिलिंगला, २०१६ मध्ये सिलिगुडीला पडल्यानंतर सिक्कीममध्ये स्वतःचा पक्ष काढून पाहिलेले बायचुंग भुतिया, ज्यांनी २०२४ मधील पराभवानंतर निवडणुकीचे राजकारण सोडले.