बीडीएसच्या मुलांना बायोकेमिस्ट्री शिकवताय? या चुका टाळा

बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीच्या, पहिल्या वर्षी बायोकेमिस्ट्रीला स्वतःचा पेपर नाही. फिजिऑलॉजीबरोबर एकाच पेपरात तिची वाटणी होते. तास मोजके, अभ्यासक्रम भला मोठा, आणि मुलांचा अर्धा जीव मेणाच्या ठोकळ्यातून दाढा कोरण्यात गुंतलेला. अशा वेळी मागच्या बाकावरून प्रश्न येतो, ‘सर, आम्हाला दातांचं काम करायचंय, मग क्रेब्स सायकल कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देणं आपलं काम आहे आणि ते पहिल्याच आठवड्यात द्यायला हवं.

एमबीबीएसच्या नोट्स कापून वापरणं

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. तास कमी म्हणून आपण जुन्या नोट्सना कात्री लावतो. पण कात्री लागते ती ‘का’ आणि ‘कसं’ला. नावं, पायऱ्या आणि तक्ते तसेच उरतात. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत उतरवतात आणि दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजी सुरू होईपर्यंत विसरतात.

खरं तर उलट करायला हवं. प्युरिन तयार होण्याच्या सगळ्या पायऱ्या फळ्यावर काढण्यात एक अख्खा तास घालवू नका. लायपोप्रोटीन थोडक्यात आटपा. वाचलेला वेळ पीएच (आम्लतेचं माप) आणि बफर (पीएच फारसा बदलू न देणारं द्रावण), ग्लुकोजपासून लॅक्टिक आम्लापर्यंतचा प्रवास, कोलॅजन, कॅल्शियम-फॉस्फेट आणि रक्तातली साखर यांना द्या. दंतवैद्याला हे विषय आयुष्यभर पुरतात.

‘दातांशी संबंध’ शेवटच्या स्लाइडवर ढकलणं

पन्नास मिनिटं ग्लायकोलिसिस, म्हणजे पेशीत ग्लुकोज तुटण्याच्या पायऱ्या, शिकवायचं आणि घंटा व्हायच्या बेतात ‘डेंटल इम्पॉर्टन्स’ची स्लाइड दाखवायची, असं करू नका. तोवर मुलांनी वह्या मिटलेल्या असतात. संबंध त्या-त्या पायरीवरच सांगा. त्यातलं इनोलेज नावाचं एन्झाइम आलं की तिथेच थांबा. फ्लोराइड त्याला अडवतं, म्हणून रक्तातली साखर तपासायला रक्त करड्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात. त्या ट्यूबमध्ये सोडियम फ्लोराइड असतं आणि रक्तपेशी साखर संपवत नाहीत. प्लाकमधल्या (दातांवर साचणाऱ्या जंतूंच्या थरातल्या) स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स या जंतूकडेही हेच एन्झाइम आहे, त्यामुळे फ्लोराइडने त्याचंही आम्ल तयार करणं मंदावतं. एका पायरीत लॅब आणि तोंड दोन्ही आले. ही पायरी मुलं सहसा विसरत नाहीत.

पीएच कोरडा शिकवणं

हेंडरसन-हॅसेलबाल्क समीकरण फळ्यावर लिहून दोन गणितं सोडवली की आपल्याला वाटतं, पीएच झाला. पण ‘पीएच 6.5 वरून 5 वर आला, म्हणजे आम्लता किती वाढली?’ असं विचारून बघा. अनेक जण म्हणतील, ‘दीडने.’ ती जवळजवळ 32 पट वाढलेली असते. पीएच एकाने उतरला की आम्लता दहापट होते, हा लॉगचा अर्थ डोक्यात उतरेपर्यंत पुढे जाऊ नका.

त्यानंतर फळ्यावर स्टीफन कर्व्ह काढा. रॉबर्ट स्टीफन यांनी 1940 च्या दशकात ग्लुकोजने चूळ भरल्यावर प्लाकचा पीएच कसा बदलतो ते मोजलं. काही मिनिटांत पीएच झपाट्याने उतरतो आणि पूर्ववत व्हायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. आलेखावर 5.5 ला, जिच्याखाली एनॅमल (दाताचं वरचं कवच) विरघळू लागतं अशी, आडवी रेघ मारा आणि मुलांनाच विचारा: दोन चमचे साखर घातलेला चहा एका दमात प्यायला तर काय होईल, आणि तोच चहा दोन तास घोट-घोट घेतला तर? दोन्ही आलेख त्यांनाच काढू द्या. दुसऱ्यात पीएच त्या रेघेखालीच रेंगाळतो. साखरेच्या प्रमाणाइतकंच ती किती वेळा तोंडात जाते यालाही महत्त्व आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

इथे तीन गैरसमज हमखास भेटतात. पहिला, ‘साखर दात विरघळवते.’ साखर नाही, जंतूंनी तिच्यापासून बनवलेलं आम्ल विरघळवतं. दुसरा, ‘5.5 ही पक्की सीमा आहे.’ तशी ती नाही. एनॅमलचं हायड्रॉक्सीअॅपेटाइट (कॅल्शियम-फॉस्फेटचं खनिज) विरघळणार की नाही, हे आजूबाजूच्या द्रवात कॅल्शियम आणि फॉस्फेट किती आहे त्यावर ठरतं. ते जास्त असेल तर सीमा खाली सरकते, कमी असेल तर वर. फ्लोरअॅपेटाइटसाठी (त्याच खनिजाच्या फ्लोराइड असलेल्या रूपासाठी) ती साधारण 4.5 धरतात. तिसरा, ‘लाळ फक्त ओलावा देते.’ लाळेतलं बायकार्बोनेट आम्ल शोषून घेतं आणि लाळ वाहू लागली की त्याचं प्रमाण वाढतं. झोपेत लाळ जवळपास थांबते. म्हणून रात्री ब्रश केल्यावर बाळाला गोड दूध देऊ नका, हे आईला सांगताना विद्यार्थ्याला कारणही सांगता आलं पाहिजे.

याच जागी एक आजार जरूर सांगा. जन्मतः अल्डोलेज बी हे यकृतातलं एन्झाइम नसलेल्या माणसाला फ्रुक्टोज सोसत नाही, म्हणून तो लहानपणापासून साखर आणि फळं टाळतो. भात-भाकरी मात्र खातो. अशा लोकांच्या दातांना कीड फारच कमी आढळते. यकृतातला एन्झाइमचा दोष दातांत असा दिसतो. हे ऐकल्यावर ‘चयापचय कशाला शिकायचं’ हा प्रश्न उरत नाही.

पीकेए (ज्या पीएचला औषधाचे निम्मे रेणू भारित असतात तो आकडा) शिकवायला लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध घ्या. त्याचा पीकेए सुमारे 7.9. मज्जातंतूच्या आवरणातून भाररहित रेणूच आत शिरतात. पीएच 7.4 ला असे रेणू सुमारे 24 टक्के असतात, तर पू झालेल्या भागात पीएच 6.4 वर गेला तर जेमतेम 3 टक्के. गळू झालेल्या दाढेला इंजेक्शन देऊनही बधिरता नीट का येत नाही, याचं एक कारण मुलं स्वतः गणित करून काढतात.

फ्लोराइड आणि जीवनसत्त्व सी यांची एकच बाजू सांगणं

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिकडून आलेल्या मुलांनी पिवळे-तपकिरी डागाळलेले दात घरातच पाहिलेले असतात. त्यांच्यासमोर फ्लोराइडचे नुसते गुण गाऊ नका. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत. डाग पडतात ते एनॅमल तयार होण्याच्या वयात, हेही सांगा.

सी जीवनसत्त्वाचं तसंच. कोलॅजनमधल्या प्रोलिन-लायसिनवर हायड्रॉक्सिल बसवायला ते लागतं, ते नसेल तर हिरड्यांतून रक्त येतं, हे मुलं झकास लिहितात. मग हिरडीतून रक्त दिसलं की गोळ्या लिहून मोकळी होतात. बहुतेक वेळा कारण साचलेला प्लाक असतो, हे त्याच तासाला सांगा. आणि एनॅमलमध्ये कोलॅजन नसतं, ते डेंटिनमध्ये (एनॅमलच्या आतल्या थरात) असतं, हे पुन्हा एकदा. उत्तरपत्रिकेत ही चूक दरवर्षी सापडते.

लाळेचं प्रॅक्टिकल बिघडतं तेव्हा

स्टार्च, लाळ आणि आयोडीन: लाळेतलं अमायलेज हे एन्झाइम स्टार्च तोडतं आणि आयोडीनचा निळा रंग जातो. साधा प्रयोग, पण सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. पहिल्याच थेंबाला निळा रंग गायब झाला तर लाळ पातळ केलेली नाही. वीसपट पातळ करा, तरी घाई होत असेल तर आणखी. रंग जाताच जात नसेल तर वॉटर बाथचं तापमान बघा, 37 च्या बरंच वर गेलं असेल तर एन्झाइम मेलेलं असतं. बफरमध्ये मीठ घालायचं राहिलं का तेही तपासा, कारण अमायलेजला क्लोराइड लागतं. आयोडीन थेट मुख्य ट्यूबमध्ये ओतू देऊ नका. टाइलवरच्या थेंबात मिश्रणाचा थेंब टाकायचा, दर मिनिटाला एक. निळा, जांभळा, तांबूस आणि मग आयोडीनचाच पिवळा, ही रांग टाइलवर दिसली पाहिजे.

तोंडाने पिपेट ओढणं पूर्ण बंद. प्रत्येकाची लाळ त्याचीच.

रंग जायला लागलेली शेजाऱ्याची वेळ बघून स्वतःची वेळ खोडणारी मुलं हटकून असतात. त्यांना थांबवा. लाळेतलं अमायलेज माणसागणिक वेगळं असतं, त्याच्या जनुकाच्या प्रतीही कमी-जास्त असतात. सगळ्या बॅचच्या वेळा फळ्यावर लिहा आणि तोच तक्ता जर्नलमध्ये घ्यायला लावा.

सुक्रोजला (नेहमीच्या साखरेला) बेनेडिक्टची चाचणी निगेटिव्ह आली की ‘रिड्यूसिंग नाही’ एवढं लिहून वही बंद होते. तिथे विचारा, मग हीच साखर दातांना इतकी वाईट का? तिच्यातला बंध तोडून जंतूंचं एन्झाइम चिकट ग्लुकान विणतं आणि प्लाक दाताला घट्ट धरून बसतो. व्हायवालाही असेच प्रश्न ठेवा. ‘ग्लायकोलिसिसच्या पायऱ्या सांगा’ऐवजी ‘करड्या झाकणाची ट्यूब का?’ विचारा. विद्यार्थी मराठीत उत्तर देत असेल तर देऊ द्या आणि पेपरात लागतील ते इंग्रजी शब्द शेवटी त्याच्याकडून वदवून घ्या.