जुन्या काळ्या सायकलीपासून माळरानावरची क्लंकर कशी बांधावी

मराठवाड्यात अजूनही पुष्कळ घरांच्या मागच्या पडवीत किंवा गोठ्याच्या भिंतीला टेकून एखादी बावीस किंवा चोवीस इंची काळी सायकल उभी असते. दूध घालायला, शेतात जायला किंवा शाळेला वापरलेली ही सायकल मोटारसायकल आल्यावर बाजूला पडते, पुढे भंगारवाल्याच्या हातगाड्यावर चढते आणि बहुधा जालन्याच्या एखाद्या भट्टीत वितळून सळई होते. अशा सायकलीची फ्रेम शाबूत असेल, तर तिच्यापासून पाणंद, मुरमाचा रस्ता आणि बालाघाटच्या डोंगरातील पायवाटा यांवर चालणारी भक्कम सायकल बांधता येते. त्यासाठी लागणारे बहुतेक भाग भंगारातच मिळतात. पैसे कोठे वाचवावेत आणि कोठे मुळीच वाचवू नयेत, हे मात्र आधी ठरवून घ्यावे लागते.

अशा सायकलींना क्लंकर हे नाव मिळाले ते अमेरिकेत. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीमधील काही तरुण १९३० आणि १९४० च्या दशकांतील श्विन कंपनीच्या जड, जाड टायरच्या सायकली गोळा करत, त्यांचे मडगार्ड, चेनकव्हर आणि कॅरियर काढून टाकत आणि माउंट टॅमलपायसच्या परिसरातील मातीच्या उतारांवरून त्या दामटत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथील एका उतारावर त्यांनी पहिली शर्यत घेतली. त्या उताराचे नाव ‘रीपॅक’ पडले, कारण पायडल उलटे दाबून लागणारा मागच्या हबमधील, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातील, ब्रेक खाली पोहोचेपर्यंत इतका तापे, की आतील ग्रीस जळून जाई आणि हब उघडून ते पुन्हा भरावे लागे. गॅरी फिशर आणि इतरांनी पुढे या सायकलींना ड्रम ब्रेक आणि गिअर बसवले, तर जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास या कामासाठी नवी फ्रेम बांधायला घेतली. आजची माउंटन बाइक याच खटाटोपातून आली.

आपले काम मात्र त्यांच्यापेक्षा एका बाबतीत अवघड आहे. श्विनच्या त्या सायकलींना मुळातच २६ इंची जाड टायर होते. आपल्या काळ्या सायकलीला २८ × १½ चे अरुंद टायर आणि सळईचे ब्रेक असतात, आणि हे ब्रेक रिमच्या आतील बाजूवर, म्हणजे हबकडच्या अंगावर, दाबले जातात. त्यामुळे जाड टायरसाठी चाक बदलले की ब्रेक निरुपयोगी होतो. चाके आणि ब्रेक यांचा निर्णय एकत्रच घ्यावा लागतो, आणि बांधणीतील खरी डोकेफोड तेथेच आहे. फ्रेमची ठेवण मात्र आपल्या बाजूने आहे: पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, बराच कललेला आणि दोन चाकांमधील अंतर लांब असल्यामुळे ही सायकल खडबडीत उतारावर बिथरत नाही.

फ्रेम निवडताना

भंगाराच्या दुकानात फ्रेम हाती घेतल्यावर प्रथम हँडलच्या नळीच्या मागे, जेथे वरची आणि खालची नळी येऊन मिळते, तेथे बोट फिरवावे. खालच्या नळीच्या पोटाशी सुरकुती किंवा फुगवटा लागला, तर ती सायकल कधी तरी समोरून आदळलेली आहे असे समजावे आणि ती कितीही स्वस्त मिळत असली तरी सोडून द्यावी. वरवरचा तांबूस गंज घासून निघतो. मात्र पायडलच्या आसाची नळी, म्हणजे बीबी, आणि तिच्या मागच्या दोन नळ्या येथे पाणी साचून आतून गंज धरतो. तेथे स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टिचकी मारून आणि टोकाने दाबून पाहावे. आवाज बद आला किंवा टोक आत रुतले, तर ती फ्रेम घेऊ नये.

फ्रेम सरळ आहे की नाही हे सुतळीने कळते. मागच्या चाकाचा आस बसतो त्या एका खाचेला सुतळी बांधावी, ती पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणून आणावी आणि सीटच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचे अंतर मोजावे. फरक दोन-तीन मिलिमीटरच्या आत असेल तर फ्रेम उत्तम समजावी. सीटची दांडी गंजून अडकलेली असेल, तर सांध्यात डिझेल सोडून दोन दिवस वाट पाहावी. ताबडतोब हातोडा चालवणाऱ्याच्या हाती बहुधा फुटलेली नळीच येते.

विकत घेताना फ्रेमचा नंबर, जो सीटच्या सांध्यावर किंवा बीबीच्या खाली ठोकलेला असतो, तो साध्या कागदावर लिहून भंगारवाल्याची सही घ्यावी. चोरीची सायकल गळ्यात पडण्यापेक्षा हे दोन मिनिटांचे काम बरे.

चाके

भंगारात एके काळच्या जाड टायरच्या, सरळ हँडलच्या बिनगिअरच्या सायकली मुबलक मिळतात. त्यांतील फ्रेम बहुधा वाकलेली असते, पण चाके, पुढचा चिमटा, हँडल आणि ब्रेक उपयोगी पडतात. असा एक ‘दाता’ पूर्ण सायकलीच्या रूपात विकत घेणे सुटे भाग गोळा करण्यापेक्षा स्वस्त पडते.

चाके घेताना दोन ठिकाणी फसगत होते. बाजारात २६ इंची म्हणून दोन वेगळी मापे चालतात. २६ × १⅜ च्या रिमवर टायर जेथे बसतो तेथील व्यास ५९० मिलिमीटर असतो, तर जाड टायरच्या २६ × १.९५ किंवा २६ × २.१२५ या मापांचा ५५९ मिलिमीटर असतो. आपल्याला ५५९ चे चाक हवे. हा आकडा टायरच्या अंगावर लहान अक्षरांत छापलेला असतो. दुसरे म्हणजे, काळ्या सायकलीच्या पुढच्या हबला ३२ आणि मागच्याला ४० छिद्रे असतात, तर जाड टायरच्या रिमला सामान्यतः ३६ असतात. म्हणून जुना हब नव्या रिममध्ये गुंफण्याचा विचार सोडून आख्खे चाकच घ्यावे.

मागचे चाक शक्यतो बिनगिअरचेच निवडावे, कारण काळ्या सायकलीच्या मागच्या दोन पात्यांमधील अंतर ११० मिलिमीटरच्या आसपास असते आणि बिनगिअरचा हब तेथे थोड्या ताणाने बसतो. गिअरच्या हबला १३० ते १३५ मिलिमीटर लागतात. लोखंडी फ्रेम तेवढी फाकवता येते, पण दोन्ही बाजू सारख्या फाकल्या आहेत हे सुतळीने पुन्हा पुन्हा तपासावे लागते. पहिल्याच बांधणीत हा उद्योग करू नये असे माझे मत आहे.

छोट्या चाकामुळे सायकल दोन-अडीच सेंटिमीटर खाली येते आणि पायडल दगडाला लागण्याचा धोका वाढतो. वळणावर आतील पायडल वर ठेवण्याची सवय लावून घेणे हाच त्यावर खरा उपाय आहे. चाक बसवल्यावर टायरच्या दोन्ही बाजूंना किमान एक बोट जागा सुटली पाहिजे. इतरत्र थोडी कमी चालली असती, पण आपल्याकडची काळी माती पहिल्या सरीनंतर टायरला चिकटत जाते आणि चिमट्यात गच्च बसून चाकच जाम करते. २.१२५ चा टायर घासत असेल तर मागे १.९५ चा घालावा.

ब्रेक

पुढच्या ब्रेकचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दात्या सायकलीचा चिमटा घेणे, कारण त्यावर व्ही-ब्रेकचे, म्हणजे दोन हातांनी रिमच्या दोन्ही बाजू दाबणाऱ्या ब्रेकचे, खुंट आधीच जोडलेले असतात. येथे तीन मापे जुळवावी लागतात. नव्या चिमट्याची उंची जुन्याइतकी, फार तर एक सेंटिमीटर कमी-जास्त असावी. अन्यथा हँडलचा कल बदलतो. चिमट्याची वरची नळी फ्रेमच्या हँडल-नळीतून वर येऊन नट धरण्याइतकी लांब असावी, आणि चोवीस इंची उंच फ्रेमला ती बहुधा अपुरी पडते, म्हणून बावीस इंची फ्रेम सोयीची. तिसरे, जुना नट नव्या आट्यांवर बोटांनी सहज फिरला पाहिजे. पान्याने जबरदस्तीने चढवलेला नट आटे खातो आणि उतारावर सुटतो. तसे होत असेल तर दात्याचे कप आणि नट वापरून पाहावेत.

मागच्या ब्रेकसाठी फ्रेमच्या मागच्या उभ्या नळ्यांवर व्ही-ब्रेकचे खुंट जोडून घ्यावेत. दात्याच्या मोडक्या फ्रेमचे खुंट कापून घेता येतात. चाक फ्रेममध्ये नेमके मध्यावर बसवावे, ब्रेकचे हात धरून गुटखा, म्हणजे ब्रेकचा रबरी ठोकळा, रिमच्या बाजूच्या सपाट पट्टीच्या मधोमध येईल अशी जागा शोधावी, दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर खूण करावी आणि मगच वेल्डिंगवाल्याकडे जावे. हे काम विजेच्या वेल्डिंगवर करून घेऊ नये, कारण सायकलीची नळी पातळ असते आणि ती जळून भोक पडते किंवा सांध्याशेजारी ठिसूळ होते. गॅसवर पितळ सोडून जोडलेला सांधा येथे योग्य, आणि काळ्या सायकलीचे मूळ सांधेही त्याच पद्धतीचे असतात. रंग व चमकीचा मुलामा आधी घासून काढावा, कारण मुलाम्यात जस्त असल्यास तापल्यावर त्याचा धूर विषारी असतो. अनेक फॅब्रिकेशनवाले आता गॅसचे काम करत नाहीत. जुन्या रेडिएटर किंवा ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानांत चौकशी केल्यास असा कारागीर सापडतो.

व्ही-ब्रेकला त्याचाच लिव्हर लागतो. साध्या कॅलिपर ब्रेकचा लिव्हर केबल कमी ओढतो, त्यामुळे त्यावर व्ही-ब्रेक धड लागत नाही. ब्रेकचे गुटखे, केबल आणि तिचे आवरण या तीन वस्तू नव्या घ्याव्यात. भंगारातील केबल कितीही चांगली दिसली तरी तिच्यावर जीव टांगू नये. रिम चकचकीत स्टीलची असेल तर ओल्यात ब्रेक फार कमी धरतो. अॅल्युमिनियमची रिम मिळाली तर निदान पुढच्या चाकाला तीच घालावी.

जोडणी

सर्व भाग सुटे करून डिझेलने धुवावेत. उजव्या बाजूचा बीबी कप आणि डावे पायडल यांचे आटे उलटे असतात, हे लक्षात न ठेवल्याने पुष्कळ फ्रेमी खराब होतात. छर्रे जुने घालू नयेत. पुढच्या हबला ३/१६ इंची आणि मागच्या हबला व बीबीला १/४ इंची छर्रे लागतात आणि ते अगदी स्वस्त असतात. कपांत ग्रीस सढळ हाताने भरावे, म्हणजे धूळ आत शिरायला जागा उरत नाही. फ्रीव्हीलमध्ये, म्हणजे मागच्या दातेरी चक्रात, मात्र ग्रीस भरू नये, त्याचे खटके चिकटतात. तेथे पातळ तेलच सोडावे.

क्रँकची, म्हणजे पायडलच्या दांड्याची, कॉटर पिन नुसता नट आवळून बसत नाही. क्रँकखाली लोखंडी नळीचा तुकडा उभा टेकवावा, पिन हातोडीने ठोकून घट्ट करावी आणि मग नट आवळावा. पहिल्या फेरीनंतर हे पुन्हा एकदा करावे लागतेच.

मूळ ४४ किंवा ४८ दातांचे पुढचे चक्र आणि १८ दातांचे फ्रीव्हील हा जोड डांबरी रस्त्याचा आहे. माळावर चढायचे असेल तर पुढच्या दातांची संख्या मागच्याच्या दुप्पट, म्हणजे ४४ ला २२ किंवा ३६ ला १८, इतपत असावी. म्हैसमाळसारख्या चढासाठी हेही जडच पडेल, पण तेथे उतरून चालण्यात कमीपणा नाही. चेन नवी घ्यावी. जुनीच वापरायची असल्यास बारा जोड मोजावेत आणि लांबी १२ इंचांहून १/१६ इंचापेक्षा जास्त भरली तर टाकून द्यावी. पुढचे चक्र आणि फ्रीव्हील मागून पाहताना एका रेषेत दिसले पाहिजेत.

हँडल रुंद घ्यावे आणि त्याची खालची दांडी किमान सहा सेंटिमीटर नळीच्या आत राहील याची खात्री करावी. मडगार्ड, चेनकव्हर, कॅरियर, स्टँड आणि डायनॅमो काढून टाकल्यावर सायकल चांगलीच हलकी होते. चाकांचा आऊट काढणे मात्र सायकलच्या दुकानातील अनुभवी हाताकडे सोपवावे.

काटे

मराठवाड्यात क्लंकरचा खरा शत्रू दगड नव्हे, बाभळीचा काटा आणि सराटा आहे. जुन्या अरुंद टायरच्या दोन्ही कडांतील तारा कापून उरलेला पट्टा नव्या टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये घालावा, त्याच्या कडा चाकूने तासून पातळ कराव्यात आणि टाल्कम पावडर लावावी, म्हणजे ट्यूब घासून फाटत नाही. वजन वाढते, पण सराटे थोपतात. बाभळीचा लांब काटा तरीही कधी तरी आरपार जातो, म्हणून पंक्चरचे सामान आणि पंप सोबत असावाच. हवा साधारण ३० ते ४० पीएसआय ठेवावी. डांबरी रस्त्यासारखी टणक भरली तर सायकल मुरमावर उडत राहते.

पहिली चाचणी सपाट मैदानावर घ्यावी. सायकल हाताने ढकलत पुढचा ब्रेक जोरात दाबला असता मागचे चाक उचलले पाहिजे, आणि मागचा दाबला असता चाक घसटले पाहिजे. हे होत नाही तोवर कोणत्याही घाटाकडे वळू नये, आणि होते तेव्हाही हेल्मेट घालूनच जावे. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर स्पोक, कॉटर आणि हँडलचा नट पुन्हा आवळावा, पितळेच्या सांध्यांजवळ रंगात बारीक चीर दिसते का ते पाहावे, आणि चिखलातून आल्यावर सायकल उलटी उभी करून बीबीतील पाणी सीटच्या नळीवाटे काढून टाकावे.