खेळ आणि वन्यजीवांचे छायाचित्रण : व्यावसायिक डीएसएलआर वापरताना या चुका टाळा

निकॉनचे डी५ आणि डी५००, कॅननची ईओएस-१डी एक्स मालिका किंवा ७डी मार्क २ हे डीएसएलआर (लेन्समधून येणारे दृश्य आरशाने व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळ्याला लावायच्या खिडकीत दाखवणारे) कॅमेरे पळणाऱ्या, उडणाऱ्या आणि क्षणात दिशा बदलणाऱ्या विषयांसाठीच घडवलेले आहेत. तरीही असा कॅमेरा नव्याने हाताळणाऱ्यांची पहिली तक्रार जवळपास ठरलेली असते, ती म्हणजे छायाचित्रे धूसर येतात. त्यापुढची पायरीही ठरलेलीच असते. फोकसच्या मेनूतले निम्मे पर्याय एकाच बैठकीत बदलले जातात, निकालात फरक पडत नाही आणि मग लेन्स सदोष असल्याचा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक धूसरपणाचे चार-पाच प्रकार आहेत, प्रत्येकाचे कारण निराळे आहे, आणि आपल्यापुढे कोणता प्रकार आहे हे छायाचित्र नीट पाहिल्यास बहुतेक वेळा कळते. ते न पाहता सेटिंगला हात घालणे ही सर्वांत मोठी चूक होय.

धूसरपणा कोणत्या जातीचा?

तपासणी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर करू नये, कारण त्या आकारात बरेचसे दोष झाकले जातात. छायाचित्र संगणकावर १०० टक्के आकारात उघडावे. समजा, गवतात चालणाऱ्या हरणाचे छायाचित्र आहे आणि त्याचा डोळा मऊ दिसतो आहे. अशा वेळी नजर डोळ्यावरून काढून खुरांपाशी न्यावी. हरणाच्या पुढ्यातली गवताची पाती कोरल्यासारखी रेखीव असतील, तर फोकस पुढे पडला आहे. त्याच्या मागची पाती रेखीव असतील, तर मागे. पुढे, मागे आणि हरणाच्या अंगावर कुठेच काही रेखीव नसेल, तर दोष फोकसचा नसण्याची शक्यता अधिक असते.

मग डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका पाहावा. तो गोल न राहता एका बाजूला ओढलेली छोटी रेघ झाला असेल, आणि खुरांजवळची स्थिर पातीही त्याच दिशेला ओढल्यासारखी दिसत असतील, तर कॅमेरा हललेला आहे. गवत स्वच्छ असून फक्त हरणाची मान आणि पाय फिसकटलेले असतील, तर शटरस्पीड (शटर किती कमी वेळ उघडे राहते तो वेग) त्याच्या हालचालीला पुरा पडलेला नाही. मैदानावरच्या आखणीच्या सरळ रेषा किंवा कुंपणाच्या तारा लाटांसारख्या वाकलेल्या असतील आणि एकाच बर्स्टमधल्या (बटण दाबून ठेवून सलग घेतलेल्या मालिकेतल्या) दोन छायाचित्रांत त्यांचा आकार वेगवेगळा असेल, तर तो तापलेल्या हवेचा परिणाम असतो. या शेवटच्या प्रकारावर कॅमेऱ्यात कोणताही इलाज नाही. अंतर कमी करावे किंवा सकाळी जमीन तापण्याआधी छायाचित्रे घ्यावीत. थंडीच्या दिवसांत तापवलेल्या गाडीच्या खिडकीतून छायाचित्रे घेतानाही हाच दोष येतो, कारण आतली उबदार हवा नेमकी लेन्ससमोरून बाहेर पडत असते.

शटरस्पीड आणि स्थिरीकरणाविषयीचा गैरसमज

लेन्समधील स्थिरीकरण आपल्या हाताचे हलणे भरून काढते, प्राण्याचे किंवा खेळाडूचे हलणे नव्हे. हे वाक्य सर्वांना माहीत असते आणि तरीही १/२५० सेकंदावर धावपटू टिपण्याचे प्रयत्न होतच राहतात. धावणाऱ्या खेळाडूसाठी १/१००० सेकंद ही सुरुवात समजावी, उडत्या पक्ष्यासाठी १/२०००, आणि लहान, वेगाने पंख मारणाऱ्या पक्ष्यांसाठी त्याहूनही अधिक. पंखांची टोके थोडी फिसकटलेली चालत असतील तर हे आकडे खाली आणता येतात. तो आवडीचा प्रश्न आहे. विषयाबरोबर कॅमेरा फिरवत पार्श्वभूमी मुद्दाम ओढायची असेल, तर १/३० ते १/१२५ सेकंद या टप्प्यात काम करावे आणि स्थिरीकरणाचा त्यासाठीचा स्वतंत्र मोड निवडावा. कॅननच्या लांब लेन्सवर तो मोड २ असतो. साधा मोड चालू राहिल्यास लेन्स आपल्या फिरवण्यालाच विरोध करते आणि व्ह्यूफाइंडरमधले चित्र अडखळत सरकताना दिसते.

हातात धरून छायाचित्र घेताना शटरस्पीड किमान ‘१ भागिले मिमीमधील फोकल लांबी’ इतक्या सेकंदाचा असावा, हा जुना नियम अजूनही उपयोगी आहे. मात्र तो सेन्सरच्या आकाराप्रमाणे वाढवून घ्यावा लागतो. डी५०० चा सेन्सर लहान असल्याने त्यावर ६०० मिमी लेन्स लावली की दृश्यकोन ९०० मिमीइतका अरुंद होतो, म्हणून १/६०० ऐवजी १/९०० सेकंद धरावा. स्थिरीकरणामुळे यात सवलत मिळते, परंतु विषय हलता असल्याने त्या सवलतीचा या कामात फारसा उपयोग होत नाही.

शटरस्पीड कमी ठेवण्यामागे बहुधा आयएसओची, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता वाढवण्याची भीती असते. ही भीती टाकून दिलेली बरी. आयएसओ ६४०० वर येणारा नॉइज (चित्रातले रवाळ ठिपके) नंतर कमी करता येतो, ओढलेला डोळा मात्र पुन्हा रेखीव करता येत नाही. कमी आयएसओवर अंधारे छायाचित्र घेऊन ते संगणकावर उजळवल्यानेही नॉइज कमी होत नाही. उलट अनेक कॅमेऱ्यांत तो वाढतो.

फोकस चुकण्याची खरी कारणे

फोकसच पुढे-मागे पडतो आहे, असे निश्चित झाल्यावरही लगेच मेनूतील सूक्ष्म दुरुस्तीकडे वळू नये. प्रथम फोकसच्या खोलीचे, म्हणजे विषयाच्या पुढे-मागे किती अंतर रेखीव दिसते याचे गणित पाहावे. ४०० मिमी लेन्स एफ/२.८ वर (एफचा आकडा म्हणजे अ‍ॅपर्चरचे, लेन्समधल्या छिद्राचे माप; आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे), विषय २० मीटरवर, फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा) सेन्सर : रेखीव दिसणारा पट्टा पुढे-मागे मिळून जेमतेम ४० सेंटिमीटरचा. ६०० मिमी लेन्स एफ/४ वर आणि पक्षी १० मीटरवर असेल, तर तो पट्टा ७ सेंटिमीटरच्या आत येतो. आपल्याकडे तोंड करून बसलेल्या मोठ्या पक्ष्याची चोच आणि शेपटी एवढ्या पट्ट्यात मावणार नाही, आणि फोकस बिंदू (व्ह्यूफाइंडरमधली फोकस धरणारी खूण) डोळ्याऐवजी छातीवर पडला असेल तर डोळाही सुटू शकतो. लेन्स अमुक एफपर्यंत उघडते म्हणून तिथेच काम करण्याचा हट्ट इथे नडतो. एफ/५.६ किंवा एफ/८ वर जाऊन तोच प्रसंग पुन्हा टिपला की कित्येक ‘सदोष’ लेन्स आपोआप बऱ्या होतात.

त्यानंतर फोकसचा मोड. हलत्या विषयासाठी निकॉनवर एएफ-सी आणि कॅननवर एआय सर्व्हो हेच हवे. एकदा फोकस करून तो गोठवणारा मोड स्थिर विषयासाठी असतो. मोड बरोबर असूनही पहिली दोन-तीन छायाचित्रे मऊ येत असतील, तर बटण उशिरा दाबले जाते आहे. पक्षी चौकटीत आल्याबरोबर फोकस सुरू करून कॅमेऱ्याला त्याच्या वेगाचा अंदाज बांधू द्यावा आणि मगच शटर दाबावे. यासाठी फोकसचे काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या एएफ-ऑन बटणावर नेण्याची पद्धत सोयीची ठरते. सुरुवातीला अंगठा गोंधळतो, हे खरे; पण फांदीवर बसलेला पक्षी अचानक उडाला तरी मोड बदलावा लागत नाही, एवढ्या एका कारणासाठी ही सवय लावून घ्यावी.

फोकस बिंदूंच्या संख्येचीही अशीच भुरळ पडते. डी५ आणि डी५०० मध्ये १५३ बिंदू आहेत, म्हणून ते सगळेच कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडले, की तो बहुधा सर्वांत जवळची आणि ठळक वस्तू पकडतो. मग ती मध्ये आलेली फांदी असो वा दुसऱ्या संघाच्या खेळाडूचा खांदा. फांद्यांच्या गर्दीत एकच बिंदू, मोकळ्या आकाशात बिंदूंचा छोटा गट, आणि मैदानावर एक बिंदू व त्याच्या शेजारचे चार-आठ मदतनीस बिंदू, अशी ढोबळ वाटणी पुरते. निकॉनचा ३डी ट्रॅकिंग प्रकार विषय ओळखताना रंगाचा आधार घेतो. वाळलेल्या गवतातल्या तपकिरी प्राण्यावर तो भरकटला तर त्यात नवल नाही.

मध्ये अडथळा आल्यावर कॅमेऱ्याने नव्या वस्तूकडे किती लवकर वळावे, हे ठरवणारी सेटिंग निकॉनमध्ये लॉक-ऑनशी निगडित असते, तर कॅननच्या १डी एक्समध्ये केस १ ते केस ६ अशा संचांत बांधलेली असते. फुटबॉलसारख्या खेळात, जिथे दुसरा खेळाडू सतत आडवा जातो, तिथे कॅमेऱ्याने जरा थांबावे हे बरे. अचानक झुडपातून बाहेर येणाऱ्या प्राण्यासाठी नेमके याच्या उलट हवे. दोन्ही प्रसंगांसाठी एकच सेटिंग वापरणारे एका प्रसंगात नेहमी निराश होतात.

टेलिकन्व्हर्टर (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवून फोकल लांबी वाढवणारा भाग) लावल्यावर फोकस मंदावला, अशी तक्रारही नेहमीची आहे. १.४ पटीच्या कन्व्हर्टरने एक स्टॉप (म्हणजे निम्मा) आणि २ पटीच्या कन्व्हर्टरने दोन स्टॉप (म्हणजे तीन चतुर्थांश) प्रकाश जातो. एफ/४ लेन्सवर २ पटीचा कन्व्हर्टर लावला की एफ/८ होते आणि डी५०० च्या १५३ बिंदूंपैकी केवळ १५ बिंदू त्या स्थितीत काम करतात. एफ/५.६ लेन्सवर तो लावणे म्हणजे स्वयंचलित फोकस जवळपास सोडून देणे होय. लेन्सवरची अंतर मर्यादित करणारी कळ चुकीच्या बाजूला राहिली असेल, तर जवळचा विषय फोकसमध्ये येतच नाही. दुरुस्ती केंद्रात जाण्याआधी ही कळ अवश्य पाहावी.

हे सगळे तपासून झाले आणि स्थिर विषयावरही फोकस सातत्याने एकाच बाजूला पडत असेल, तर मात्र सूक्ष्म दुरुस्तीची वेळ आली असे समजावे. डीएसएलआरमध्ये फोकसचा सेन्सर वेगळा, आरशाखाली बसवलेला असतो; त्याला दिसणारे अंतर आणि मुख्य सेन्सरला दिसणारे अंतर यांत किंचित तफावत राहू शकते. ती भरून काढण्यासाठी दोन्ही कंपन्यांच्या वरच्या श्रेणीतील कॅमेऱ्यांत उणे २० ते अधिक २० अशी पट्टी दिलेली असते. चाचणी ट्रायपॉडवर, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर आणि ज्या अंतरावर नेहमी काम होते त्याच अंतरावर करावी; जवळच्या टेबलावर पट्टी ठेवून ठरवलेले मूल्य ३० मीटरवर लागू पडेलच असे नाही. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर दृश्य पाहताना) फोकस मुख्य सेन्सरवरूनच होतो, म्हणून तिथे छायाचित्र रेखीव आणि व्ह्यूफाइंडरमधून घेतलेले मऊ आले, तर तफावत सिद्ध झाली. एकदा पुढे आणि एकदा मागे असा फोकस पडत असेल, तर या पट्टीने काहीही साधणार नाही.

जाता जाता : व्ह्यूफाइंडरमधले आकडेच अस्पष्ट दिसत असतील, तर फक्त डायॉप्टरचे (व्ह्यूफाइंडर आपल्या नजरेच्या नंबराशी जुळवण्याचे) चाक फिरले आहे. बॅगेत घासून ते सहज फिरते.

बर्स्ट मध्येच अडखळतो तेव्हा

वेग अचानक मंदावला की दोष कॅमेऱ्याचा वाटतो. बहुधा तो कार्डाचा असतो. छायाचित्रे आधी बफरमध्ये (कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या स्मृतीत) साठतात आणि तिथून कार्डावर उतरतात. डी५०० मध्ये एक्सक्यूडी आणि एसडी अशा दोन प्रकारच्या कार्डांसाठी खाचा आहेत. दोन्हींवर एकाच वेळी प्रत लिहिण्याचा पर्याय निवडला, की संपूर्ण कॅमेरा दोहोंतल्या मंद कार्डाच्या गतीने चालतो. रॉ (संस्कार न केलेली मूळ फाइल) आणि जेपीईजी एकत्र साठवण्यानेही बफर लवकर भरतो. कार्ड बदलूनही गती मिळत नसेल, तर शटरस्पीड पाहावा, कारण तो फार कमी असल्यास दर सेकंदाच्या छायाचित्रांची संख्या घटणारच. आणि शटरला फोकसपेक्षा प्राधान्य आहे की फोकसला, तेही पाहावे. फोकसला प्राधान्य असेल, तर कॅमेरा फोकसची खात्री होईपर्यंत थांबतो.

कृत्रिम प्रकाशातल्या मैदानांवर आणखी एक वेगळी अडचण येते. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. १/१००० सेकंदावर शटरचा पडदा म्हणजे सेन्सरवरून सरकणारी एक अरुंद फट असते, त्यामुळे एकाच बर्स्टमधली काही छायाचित्रे अंधारी येतात, तर काहींच्या अर्ध्या भागाचा रंग बदललेला असतो. व्हाइट बॅलन्स बदलून हा दोष जात नाही. ७डी मार्क २, डी५ आणि डी५०० मध्ये फ्लिकर, म्हणजे दिव्यांच्या या लुकलुकण्याचा परिणाम टाळण्याची सोय आहे. ती चालू केल्यावर बर्स्ट किंचित मंदावतो, पण तो सौदा फायद्याचाच आहे.

उजेडाच्या मापनात चूक होते ती आकाशामुळे. उजळ आकाशापुढे घार काळी येते, कारण कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर आकाशाला मध्यम उजेडावर आणू पाहतो. एक ते दोन स्टॉप अधिक द्यावे लागतात. गडद पाण्यावरचा पांढरा बगळा जळू नये म्हणून उलट एक स्टॉप कमी करावा. प्रकाश स्थिर असेल आणि पक्षी आकाशातून झाडांकडे, झाडांतून पाण्यावर जात असेल, तर शटरस्पीड आणि अ‍ॅपर्चरबरोबर आयएसओही हातानेच ठरवावा. केवळ मॅन्युअल मोड निवडून आयएसओ ऑटोवर सोडला, तर पार्श्वभूमी बदलताच उजेड पुन्हा डळमळतो.

एरर आणि दुरुस्ती

कॅननच्या पडद्यावर एरर ०१ आल्यास कॅमेरा आणि लेन्स यांच्यातला संपर्क तुटला आहे. लेन्स काढून धातूचे संपर्कबिंदू कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसावेत. एरर ०२ कार्डाशी संबंधित असतो. कार्ड काढून पुन्हा घालावे किंवा बदलावे, आणि फॉरमॅट करायचे झाल्यास आतली छायाचित्रे उतरवून घेतल्यानंतरच करावे. निकॉनवर एफईई दिसले तर जुन्या लेन्सची अ‍ॅपर्चर रिंग सर्वांत लहान छिद्रावर लॉक झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. सेन्सरवरील धूळ हातपंपाच्या ब्लोअरने उडवावी. दाबाखाली भरलेल्या हवेचा डबा वापरल्यास आतला द्रव सेन्सरवर उडू शकतो.

इतके करूनही दोष टिकून राहिला, तर दुरुस्ती केंद्रात कॅमेरा आणि लेन्स दोन्ही एकत्र द्यावेत, कारण तफावत जोडीची असते आणि एकट्या लेन्सच्या तपासणीत ती निसटू शकते. सोबत संस्कार न केलेल्या मूळ रॉ फाइल द्याव्यात : ट्रायपॉडवरून स्थिर विषयाची व्ह्यूफाइंडरमधून घेतलेली काही छायाचित्रे, आणि त्याच जागेवरून लाइव्ह व्ह्यूमध्ये घेतलेली तितकीच. सूक्ष्म दुरुस्तीच्या पट्टीवर ठेवलेले मूल्यही लिहून द्यावे, अन्यथा तंत्रज्ञ ते शून्यावर आणून तपासेल आणि त्याला दोष वेगळाच दिसेल.