मायनिंग मशीनवर स्वतःचे नाव घालण्याचा खर्च कसा काढावा

क्रिप्टो मायनिंगची मशीन, म्हणजे बिटकॉइनसारखे आभासी चलन मिळवण्यासाठी अखंड आकडेमोड करणारी यंत्रे, कारखान्यातून तयार करून घेऊन त्यांवर स्वतःचे नाव घालायचे असेल, तर कोटेशनमधला ‘प्रति नग छपाई’ हा आकडा सर्वांत आधी बाजूला ठेवावा. नवी मुंबईतल्या रबाळे आणि ठाण्यातल्या वागळे इस्टेट इथल्या गाळ्यांतून मी असे अनेक लॉट करून घेतले आहेत आणि बहुतेक नवे ग्राहक याच आकड्यावर घासाघीस करताना पाहिले आहेत. तो आकडा फक्त शाई आणि मजुरीचा असतो. पैसा जातो तो छपाईची जाळी म्हणजे स्क्रीन, लेबल किंवा खोके कापण्याचा साचा म्हणजे डाय, रंग नको त्या जागा झाकणे म्हणजे मास्किंग, नमुना, बाद झालेले नग आणि नाव बदलल्यामुळे नव्याने कराव्या लागणाऱ्या नोंदण्यांवर, आणि यांतले बरेचसे कोटेशनमध्ये लिहिलेले नसते.

पहिली पायरी हक्कांची. मूळ उत्पादकाची लेखी संमती घ्यावी आणि आपल्या चिन्हासाठी ट्रेडमार्कच्या वर्ग ९ मध्ये अर्ज करावा. ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांसाठी प्रति वर्ग ४,५०० रुपये, इतरांसाठी ९,००० रुपये आहे. नोंदणी हाती येईपर्यंत वर्तुळातला ‘आर’ छापू नये. तो गुन्हा ठरतो, आणि छापलेला लॉट पुसून घेणे छपाईपेक्षा महाग पडते.

दुसरी पायरी नोंदण्यांची. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ पासूनच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत संगणकीय यंत्रे आणि पॉवर अडॅप्टर यांचा समावेश आहे, आणि ही नोंदणी ठरावीक कारखाना व ठरावीक ब्रँड अशा जोडीने दिली जाते. म्हणजे कारखान्याकडे त्याच्या स्वतःच्या नावाची नोंदणी असली, तरी तुमच्या नावाला ती आपोआप लागू होत नाही. आपले मशीन या योजनेतल्या कोणत्या वर्गात मोडते, हे माल न्हावा शेवा बंदरात पोहोचण्याआधी सीमाशुल्क सल्लागाराकडून लेखी घ्यावे. दुसऱ्याने बनवलेली वस्तू स्वतःच्या नावाने विकणारा ई-कचरा नियम, २०२२ च्या व्याख्येत ‘उत्पादक’ (प्रोड्युसर) या सदरात येतो, त्यामुळे वापरून झालेल्या मशीनच्या पुनर्प्रक्रियेच्या जबाबदारीचा खर्चही हिशेबात धरावा. शिवाय ब्रँडिंग परदेशातल्या कारखान्यातच करून घेतले, तर त्याचे पैसे मालाच्या किमतीत मिसळतात आणि मालाला जे आयातशुल्क लागू असेल ते त्यांवरही लागते. इथे करून घेतले तर ते वाचते. मात्र बाहेरून तयार आलेल्या मशीनचे सील तोडले की उत्पादकाची वॉरंटी जाते. म्हणून तयार मशीनवर फक्त बाहेरच्या पृष्ठभागावरचे काम करावे, आणि आतले काही बदलायचे असेल तर ते जोडणीच्या आधीच करावे.

आता खरी अडचणीची पायरी, म्हणजे मशीनच्या अंगाचा रंग. ग्राहकाला आपल्या कंपनीच्या रंगाची केसिंग, म्हणजे मशीनचा बाहेरचा धातूचा डबा, हवी असते, रंगाची भुकटी फवारून भट्टीत भाजणारा पावडर कोटिंगवाला वजनावर किंवा क्षेत्रफळावर दर सांगतो, तो दर स्वस्त वाटतो आणि इथेच बहुतेक जण फसतात. मीही फसलो आहे. ऐन पावसाळ्यात चाळीस केसिंग मी कोटिंगला दिल्या. भट्टीतून निघालेला निळा रंग इतका एकसारखा होता की मी नमुना न जोडता सगळा लॉट घेऊन आलो. जोडणीला बसल्यावर हॅशबोर्ड, म्हणजे मायनिंगच्या चिप बसवलेले बोर्ड, खाचेत सरकेनात. पावडरचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा असतो. खाचेच्या दोन्ही भिंतींवर ७० मायक्रॉन बसले की वाट ०.१४ मिलिमीटरने अरुंद होते, आणि त्या खाचांत तेवढी सैल जागा नव्हती. जोर लावला तर बोर्डाची कड खरवडली जात होती. त्याहून गंभीर गोष्ट मीटर लावल्यावर दिसली: अर्थिंगच्या स्क्रूखाली रंग बसला होता आणि केसिंगपर्यंत जोड मिळत नव्हता. पावडर कोटिंग विद्युतरोधक असते. तीन किलोवॅटच्या आसपास वीज ओढणाऱ्या धातूच्या डब्याला अर्थिंग नसणे म्हणजे हात लावणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

त्या चाळीस केसिंगच्या खाचा कानशीने आणि अर्थिंगच्या जागा एमरी पेपरने मोकळ्या करताना दोन माणसांचे चार दिवस गेले, आणि घासलेल्या कडांवरचा रंग पुढे उडतच राहिला. कोटिंगवाल्याला मी दोष देऊ शकलो नाही, कारण माझ्या ड्रॉइंगवर मास्किंगचा शब्दही नव्हता. तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे. कोणत्या खाचा, कोणती आट्यांची भोके आणि कोणता अर्थिंग पॉइंट झाकायचा, हे ड्रॉइंगवर लाल रंगात दाखवावे, मास्किंगचा दर वेगळा मागावा, एक केसिंग रंगवून त्यात बोर्ड सरकवून पाहावा, मीटर लावावा आणि त्यानंतरच बाकीचा माल भट्टीत जाऊ द्यावा. मास्किंग हाताने होते, त्यामुळे कित्येकदा त्याची मजुरी रंगाच्या बरोबरीला येते. ती कोटेशनमध्ये दिसत नसेल, तर मास्किंग होणारच नाही असे धरून चालावे. चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकला रंग लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

माझे स्पष्ट मत असे आहे की शंभर नगांच्या आतल्या लॉटसाठी अंग रंगवूच नये. एक मिलिमीटर जाडीची, काळ्या अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमची नामपट्टी घ्यावी आणि तिच्यावर फायबर लेझरने चिन्ह उमटवावे. यात स्क्रीन नाही, डाय नाही, शाई उडण्याचा प्रश्न नाही. काळ्यावर पांढरट-करडी रेघ कायमची राहते. लेझरचा दर लागणाऱ्या वेळेनुसार असतो, म्हणून भरीव चिन्हापेक्षा बाह्यरेषेचे चिन्ह स्वस्त पडते. ग्राहकाला दोन-तीन रंग हवेच असतील तर स्क्रीन प्रिंटिंग करावे, पण तिथे प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते.

नामपट्टी थंड हवा आत घेणाऱ्या बाजूला लावावी. दुसऱ्या बाजूने निघणाऱ्या गरम झोताने साधे लेबल काही आठवड्यांत कडेने उचलले जाते. पंख्याच्या जाळीवर पट्टी कधीही लावू नये. तिने हवा अडते आणि ठाण्याच्या मे महिन्यात मशीनला तेवढाही अडथळा सोसत नाही. चिकटवण्याआधी पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, आणि दुहेरी अॅक्रिलिक फोम टेपला पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात हे पाठवणीच्या तारखेत धरावे. मॉडेल, व्होल्टेज आणि वॅट यांची पट्टी वेगळी, पॉलिएस्टरची करावी, म्हणजे मॉडेल बदलले तरी ब्रँडची पट्टी वाया जात नाही.

मशीन चालवण्यासाठी ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या नियंत्रण पानावरचे चिन्ह बदलणे सोपे वाटते, पण प्रत्येक फर्मवेअर (मशीनमधले सॉफ्टवेअर) अपडेटनंतर ते पुन्हा करावे लागते, म्हणून तो वार्षिक खर्च समजावा. फर्मवेअर सीजीमायनर या मायनिंगच्या मुक्त सॉफ्टवेअरवर आधारलेले असेल, तर त्याच्या जीपीएल परवान्यानुसार बदललेला सोर्स कोडही ग्राहकाला उपलब्ध करून द्यावा लागतो.

खोके साधे घ्यावे आणि त्यावर स्टिकर लावावा.

शेवटी बेरीज. कोटेशनमध्ये दिसतात तशा छापील कामाचे हिशेबापुरते आकडे घेऊ: तीन रंगांच्या स्क्रीन ३,६०० रुपये, लेबलची डाय २,४००, छापील खोक्याची डाय ९,००० आणि नमुन्याचे ५,००० असे एकदाच होणारे २०,००० रुपये, आणि प्रति नग छपाई-लेबल-खोके मिळून २६० रुपये. दोनशे नग असतील तर नगाला ३६० रुपये पडतात, चाळीस असतील तर ७६० आणि पंचवीस असतील तर १,०६०. कोटेशनवाला नेहमी दोनशेचा दर दाखवतो. भागाकार हाती आलेल्या ऑर्डरनेच करावा, पुढच्या वर्षी मिळेल अशा ऑर्डरने करू नये, कारण या धंद्यात मॉडेल लवकर जुने होते: एप्रिल २०२४ मध्ये बिटकॉइनच्या प्रत्येक ब्लॉकमागे मायनिंग करणाऱ्याला मिळणारे बक्षीस ६.२५ बिटकॉइनवरून ३.१२५ वर आले, तेव्हा जास्त वीज खाणारी जुनी मशीन परवडेनाशी झाली आणि त्यांच्या नावाची छापील लेबले कुणाच्याच कामाची उरली नाहीत. चाळीस नगांत दोन तरी बाद होतील असे धरून त्या दोन केसिंगची किंमतही यात मिळवावी.

नमुना मंजूर करण्याआधी मशीन तीन दिवस पूर्ण भारावर चालवावे आणि पट्टीची कड नखाने उचलून पाहावी. ऑर्डरच्या कागदावर ‘स्क्रीन, डाय आणि लेझरची फाइल ग्राहकाच्या मालकीची, काम संपल्यावर परत’ ही ओळ लिहून घ्यावी आणि शेवटचे पैसे त्या वस्तू ताब्यात आल्यावरच द्यावेत. ती ओळ नसेल, तर दुसऱ्या लॉटच्या वेळी त्याच २०,००० रुपयांतला मोठा भाग पुन्हा भरावा लागतो.