घरगुती व्यवसाय: संध्याकाळ घरच्यांसाठी मोकळी ठेवा

डबे, फराळ किंवा शिवणकाम घरूनच चालतं, तेव्हा जेवतानाही ऑर्डरचे मेसेज येत राहतात. मुलांशी बोलणं राहून जातं आणि कामही पुढे सरकत नाही.

१. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस या व्यवसायासाठीच्या वेगळ्या अ‍ॅपमध्ये कामाची वेळ भरा, उदा. सकाळी ९ ते संध्याकाळी ६. 'अवे मेसेज' (तुम्ही नसताना आपोआप जाणारा निरोप) फक्त त्या वेळेबाहेर जाईल असा लावा.
२. त्यात उत्तराची वेळ लिहाच: "निरोप मिळाला, सकाळी १० पर्यंत कळवते." वेळ माहीत असली की गिऱ्हाईक थांबतं.
३. झोपण्याआधी अडलेलं एकच काम कागदावर लिहा, तेही बारीक करून. नुसतं "हिशेब" नको, "वाण्याचं बिल जुळवणे" लिहा. सकाळी फोन बघण्याआधी ते उरका.

फोनचं इंटरनेट बंद असेल तर 'अवे मेसेज' जात नाही. डेटा चालू ठेवून फक्त नोटिफिकेशन बंद करा.